आजी ‘नाही’ म्हणाल्या, की पुढे काय होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आईचं वय 76, अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. कोथरूडला दोन खोल्यांच्या घरात तुम्ही, पत्नी, बारावीतला मुलगा आणि आई. गेल्या सहा महिन्यांत त्या दोनदा रात्री कडी काढून बाहेर पडल्या, एकदा तर पहाटे कर्वे पुतळ्यापाशी सापडल्या. ब्युरोची तिसरी बाई नुकतीच सोडून गेली. तुम्ही पुण्यात आणि आसपास, आईंना ठेवता येईल अशी चार ठिकाणं पाहून आलात. चारही ठिकाणी तीच वाक्यं ऐकलीत: 24 तास सेवा, सीसीटीव्ही, डॉक्टर ऑन कॉल, सात्त्विक आहार. पैसे मात्र एकाचे दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. यातलं चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं, सरकारी दर्जा वगैरे असतो का, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: ‘आत्या म्हणते, आईला टाकून येताय.’

मी या कामात 21 वर्षं आहे. आधी हॉस्पिटलात नर्स होते, मग सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, विभागाची इन्चार्ज झाले (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार). आता काही संस्थांमध्ये जाऊन तिथल्या मावश्यांना आणि ब्रदर लोकांना शिकवते. त्यामुळे मी लिहितेय ते आतल्या बाजूने. माझ्या हातूनही चुका झाल्यात, त्यातली एक पुढे सांगणार आहे.

दर्जाचं आधी बोलू, कारण ते लवकर संपतं. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा केअर होम्स तपासून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरं’पर्यंत शेरा देते, आणि तो लोकांना दिसेल असा लावावा लागतो. आपल्याकडे तसं काही नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा आहे, पण त्याचा भर मुलांनी द्यायच्या निर्वाहखर्चावर आणि निराधारांच्या वृद्धाश्रमांवर. त्यात दुरुस्ती करून संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं आणायचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच बारगळलं. त्यातल्या त्यात उपयोगाचा आहे तो 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याच्या व्याख्येत स्मृतीचा आणि भानाचा गंभीर बिघाडही बसतो, आणि अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा प्रत्येक ठिकाणी सरळ विचारा, ‘तुमची नोंदणी कशाखाली आहे? कागद दाखवाल का?’ ट्रस्टची नोंदणी किंवा शॉप अ‍ॅक्टचा कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे. कागद आहे म्हणून सेवा चांगलीच असेल असं नाही. पण कागद मागितल्यावर माणूस कसा बोलतो, त्यावरून बरंच कळतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही चारही ठिकाणी ‘तुम्ही काय काय देता’ असं विचारलंत. त्यावर सगळे छान बोलतात, कारण ते बोलणं पाठ असतं. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच, आणि बाकी सगळे त्याच्या पोटात येतात: माझी आई ‘नाही’ म्हणाली तर तुम्ही काय करता? आंघोळीला नाही, जेवायला नाही, गोळी घ्यायला नाही, झोपायला नाही, ‘मी इथे राहणार नाही’. डिमेन्शियाच्या मधल्या टप्प्यात माणसाचं बाकी बरंच हातून सुटलेलं असतं, पण नकार शाबूत असतो. तो बहुतेक वेळा हट्ट नसतो, काहीतरी सांगणं असतं. शब्द नाहीत म्हणून हात झटकून सांगितलेलं. त्या नकाराचं पुढे काय होतं, तिथे त्या संस्थेची खरी पातळी दिसते. टाइल्स, बाग आणि देवघर यांच्यावरून ती दिसत नाही.

आंघोळीचंच बघा. आमच्याकडे एक आजी होत्या, मूळच्या वाईच्या, आयुष्य सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलेलं. त्यांना आंघोळीला नेलं की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा आरडाओरडा. दोन मावश्या धरायच्या, तिसरी हँड शॉवरने अंगावर पाणी सोडायची, सात मिनिटांत काम उरकायचं. रजिस्टरमध्ये ‘आंघोळ झाली’ अशी टिकमार्क. दंडावर काळेनिळे वळ दिसायला लागले तेव्हा मी एक दिवस बाथरूमच्या दारात उभी राहिले आणि त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. अनोळखी खोली. तिघी परक्या बायका हिंदीत बोलतायत. एकदम सगळे कपडे काढले. आणि भिंतीतून आलेल्या एका नळीतून अंगावर पाण्याचा मारा! या बाईने आयुष्यात कधी शॉवर वापरलेला नाही. ओरडणार नाही तर काय करणार?

मग आम्ही बदललं. बादली, पितळी तांब्या, बसायला रबरी पायांचं बुटकं स्टूल. आधी खोलीतच वाटीत कोमट तेल घेऊन पायाला आणि गुडघ्यांना लावायचं, गप्पा मारत. तेल लावलं की आंघोळ करायची असते, हे शब्दांशिवायही अंगाला माहीत असतं. बाथरूममध्ये एकच मावशी, मराठी बोलणारी. खांद्यावरून जुनं सुती पातळ तसंच ठेवायचं, त्याच्या आडून एकेक हात, एकेक पाय. पहिला तांब्या त्यांच्या हातात द्यायचा, स्वतःच्या पायावर स्वतः ओतायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पाच तांबे घेतले आणि मग काहीतरी पुटपुटायला लागल्या. नीट ऐकलं तर ‘गंगेच यमुने चैव’ चाललं होतं. आंघोळीला आता सातऐवजी 25 मिनिटं लागायची. आणि ज्या दिवशी त्यांनी तरीही नाही म्हटलं, त्या दिवशी आंघोळ नाही, फक्त अंग पुसायचं. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आपला, म्हणजे नातेवाइकांचा आग्रह असतो. तुम्हीही तो धरू नका.

ही 25 मिनिटं कुठून येतात? माणसांतून. म्हणून नकाराच्या प्रश्नामागोमाग माणसांचा प्रश्न येतो. ‘आमच्याकडे स्टाफ भरपूर आहे’ हे उत्तर घेऊ नका. आत्ता, या क्षणी, या मजल्यावर किती रुग्ण आणि किती मावश्या, हे तिथे उभं राहून मोजा. स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि ऑफिसातल्या मॅडम धरायच्या नाहीत. आईंसारख्या मधल्या टप्प्यातल्या, चालत्याफिरत्या लोकांसाठी दिवसा पाच-सहा जणांमागे एक आणि रात्री दहांमागे एक जागी व्यक्ती, असं मी धरते. हा माझा ठोकताळा आहे, सरकारी आकडा नव्हे. अंथरुणाला खिळलेले जास्त असतील तर गणित बदलतं, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. ‘जागी’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय. कित्येक ठिकाणी दिवसभर राबलेली मावशीच रात्री पॅसेजमध्ये गादी टाकून झोपते आणि तिलाच नाइट ड्यूटी म्हणतात. तुमच्या आई रात्री कडी काढतात. तुमच्यासाठी दिवसापेक्षा रात्रीचं उत्तर महत्त्वाचं.

भाषेचंही विचारा. या कामात पुण्यात नांदेड-लातूरकडच्या मुली असतात, तशा झारखंड-आसामच्याही. कामाला त्या अनेकदा आपल्या मुलींपेक्षा सरस असतात, उगाच नाकं मुरडू नयेत. पण हा आजार अनेकदा नंतर शिकलेल्या भाषा आधी पुसत नेतो आणि लहानपणची जास्त काळ ठेवतो. ज्या बाईंनी बँकेत 30 वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार केला, त्याही शेवटी ‘आई गं’ एवढंच म्हणतात. त्यामुळे प्रत्येक शिफ्टला निदान एक तरी मराठी बोलणारी हवी. आणि हो, सगळ्यात जुनी मावशी किती वर्षांची आहे ते विचारा. वय नाही, नोकरी. जिथे दर तीन महिन्यांनी चेहरे बदलतात तिथे तुमच्या आईला रोज परक्याच्या हातून कपडे बदलून घ्यावे लागणार. मालक मावश्यांशी कसं बोलतात, त्यांना आठवड्याची सुटी आहे का, हेही बघा. जिच्यावर दिवसभर कोणीतरी खेकसतं, ती रात्री दोन वाजता तुमच्या आईशी गोड बोलेल, ही अपेक्षा मी तरी करत नाही.

आता माझी चूक. निवृत्त शिक्षक होते, स्वभावाने शांत. एका सोमवारपासून संध्याकाळ झाली की आरडाओरडा, ढकलाढकली सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एका मावशीच्या तोंडावर फटका बसला. मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, ‘अ‍ॅग्रेसिव्ह झालेत, काहीतरी द्या.’ डॉक्टर आले नाहीत, फोनवरच गोळी सांगितली. दुसऱ्या दिवशी ते पेंगुळलेले होते. आम्हाला वाटलं, बरं झालं, शांत आहेत. तिसऱ्या पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात कळलं की लघवी तुंबून मूत्राशय तट्ट फुगलेलं, आणि त्याचं मूळ बद्धकोष्ठ. मी परत येऊन रजिस्टर काढलं. आठ दिवस शौचाचा रकाना रिकामा होता आणि खाली सही माझी होती.

त्यानंतर मी एक नियम केला, तो आजही सगळीकडे शिकवते. वागणं दोन-तीन दिवसांत अचानक बदललं तर तो आजार वाढला असं समजायचं नाही. डिमेन्शिया असा सोमवारी सकाळी वाढत नाही. आधी बघायचं: लघवी, शौच, दुखणं, ताप, पाणी किती प्यायलं, गेल्या पंधरवड्यात कुठलं औषध नवं सुरू झालं. दात आणि कवळीसुद्धा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, त्यानेही माणूस भ्रमतो. हे सगळं बघून झाल्यावर मग वेड्यावाकड्या वागण्याचं बोलायचं. तुम्ही त्या चार ठिकाणी असं विचारू शकता: ‘आजी अचानक मारायला लागल्या तर पहिल्या तासात काय करता?’ उत्तराची सुरुवात ‘डॉक्टरांना विचारून इंजेक्शन’ अशी झाली, तर उठा.

औषधांबद्दल स्पष्ट बोलते, पण मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र भास-भ्रम आवरायची औषधं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्ये नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवरही टाकला. म्हणून ती कधीच द्यायची नाहीत का? तसं नाही. कोणाला भयंकर भास होत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तर थोड्या मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात, आणि त्याने कधी कधी खरंच दिलासा मिळतो. वाईट आहे ते ‘सुरू केली आणि विसरलो’. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, गोळी रोज रात्री चालूच. तुमच्या आईला अल्झायमर सांगितलाय, पण ज्यांच्या घरी डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा प्रकार आहे त्यांनी तर फारच जपावं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अशा रुग्णांचं अंग लाकडासारखं कडक होऊन जिवावर बेततं. संस्थेत विचारा, तुमच्याकडच्या लोकांपैकी किती जण अशा गोळ्यांवर आहेत आणि त्या शेवटी कधी कमी करून पाहिल्या. आकडा तोंडावर नसेल तर निदान शोधून सांगता आला पाहिजे.

बांधून ठेवण्याचं यापेक्षा सोपं आहे. 2017 च्या कायद्याप्रमाणे शारीरिक बंधन हे तातडीची इजा टाळायला दुसरा काहीच उपाय उरला नसेल तेव्हाच, तेवढ्याच वेळापुरतं, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि लेखी नोंद करून. साखळदंड तर कुठल्याही कारणाने नाही. प्रत्यक्षात बंधनं फार साधी दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. ओढणीने खुर्चीला बांधलेली कंबर. पुढे टेबल अडकवलेली खुर्ची, जिच्यातून स्वतः उठता येत नाही. दोन्ही बाजूंनी वर केलेले पलंगाचे कठडे, जे ओलांडायला जाऊन माणूस आणखी उंचावरून पडतो. ‘पडू नये म्हणून’ हे कारण सगळीकडे मिळेल. पण जो बसूनच राहतो त्याच्या पायातलं बळ काही आठवड्यांतच जातं, आणि मग तो उठला की पडतोच.

खाण्याचं थोडक्यात. दर महिन्याला वजन लिहिलेलं दाखवा म्हणा. महिन्यात पाच टक्के उतरलं तर ते गंभीर समजायचं. 50 किलोच्या आजी साडेसत्तेचाळीसवर आल्या की कोणीतरी दचकलं पाहिजे. पांढऱ्या मेलामाइनच्या थाळीत दहीभात वाढला तर यांना तो दिसतच नाही, कारण रंगातला फरक कळणं कमी झालेलं असतं. ‘आजी जेवत नाहीत’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी निळ्या थाळीने सुटल्यात. चमच्याने जमत नसेल तर हातात धरता येईल असं द्यावं: धिरड्याचे तुकडे, थालीपीठ, फोडी. पाणी ‘हवं का’ विचारू नये, उत्तर ‘नको’ येतं. कोकम सरबताचा पेला हातात द्यावा.

यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते केसांचं आणि कपड्यांचं. हसू नका. पुष्कळ ठिकाणी गेल्या गेल्या बायकांचे केस कापून बारीक करतात, उवा होतात आणि विंचरायला वेळ नसतो म्हणून. सगळ्यांना सारखे मॅक्सी गाऊन. कपाळावर टिकली नाही. आठ दिवसांनी मुलगा भेटायला येतो आणि त्याला रांगेतली आपली आई ओळखू येत नाही. मी हे पाहिलंय. आईला स्वतःला तरी आरशात कोण दिसत असेल? तुमच्या आई नऊवारी नेसतात की पाचवारी की ड्रेस, मला माहीत नाही, पण त्या जे घालत आल्या त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी तिथे चालतं का ते बघा. मागून बंद लावलेलं पातळ, पुढे बटणांचे ब्लाउज, असे पुष्कळ उपाय आहेत. केसांबद्दल तर लेखी द्या: विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही.

‘मला घरी जायचंय’ हा नकारांतला सगळ्यात अवघड. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हयात घालवलेले एक आजोबा रोज पहाटे साडेपाचला फाटकापाशी उभे राहायचे, कामावर जायचं म्हणून. आधी आम्ही समजवायचो, ‘आजोबा, तुम्ही रिटायर झालात.’ रोज नव्याने धक्का, रोज भांडण. मग एका ब्रदरने काय केलं, तर डबा भरून हातात दिला आणि म्हणाला, ‘चला, मी येतो फाटकापर्यंत.’ दोघं अंगणात तीन फेऱ्या मारायचे, बाकावर बसून डबा उघडायचे, पोहे खायचे आणि आत यायचे. खोटं बोललं नाही कोणी, खरंही तोंडावर फेकलं नाही. ‘उद्या मुलगा येणार आहे न्यायला’ असं रोज सांगणं मात्र मला पटत नाही. माणूस शब्द विसरतो, पण फसवलं गेल्याची चरचर दिवसभर राहते. यावर आमच्या क्षेत्रातही दोन मतं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते.

काही संस्था सांगतात, ‘पहिले 15 दिवस भेटायला येऊ नका, सवय होऊ द्या.’ मला हे अजिबात मान्य नाही. नवी जागा, नवे चेहरे आणि त्यात एकमेव ओळखीचा आवाजही गायब. शिवाय जखमा, बांधणं, गुंगी, जे काही व्हायचं ते याच 15 दिवसांत होतं, आणि बघणारं कोणी नसतं. भेटीमुळे आई रडली तर रडू दे. कुठल्याही वेळी, न सांगता यायची मुभा नसेल तर ते ठिकाण यादीतून काढा. सीसीटीव्ही हा त्याला पर्याय नाही. कॅमेऱ्यात पडणं दिसतं, पडायच्या आधी हाक मारूनही कोणी आलं नाही, हे दिसत नाही.

बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. इन्सुलिन, नळी, जखमेचं ड्रेसिंग असेल तर 24 तास शिकलेली नर्स हवी, तिथे प्रेमळ मावशी पुरत नाही. पैसा किती वर्षं पुरवायचा ते आत्ताच मांडा. हा आजार पाच-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो, आणि अर्ध्यावर स्वस्त जागी हलवणं आईला फार जड जातं. अंतरही धरा. तळेगावचं उत्तम ठिकाण जिथे तुम्ही महिन्यातून एकदा जाल, त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाता येईल असं बऱ्यापैकी ठिकाण मी निवडेन, कारण घरचं माणूस अधूनमधून डोकावतं एवढ्यानेही सेवा सुधारते. करारात बघा: कुठल्या स्थितीत आईला परत न्यायला सांगतील, हॉस्पिटलात कोण सोबत जाईल, रात्री गाडी कोणाची. आणि आई आज सही समजून करू शकत असतील तर पैशाअडक्याची कामं वकिलांना विचारून आत्ताच उरका. साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की कायद्याने संपतं, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांचा अंदाज निघाला. त्यांतले बहुतेक घरीच आहेत, सुना-लेकींच्या जिवावर. त्यामुळे बंगला भाड्याने घेऊन ‘डिमेन्शिया केअर’ची पाटी लावणारे आता गल्लोगल्ली दिसतात, आणि त्यातले सगळे वाईट हेतूचेही नसतात. बऱ्याच जणांना फक्त माहीत नसतं. म्हणून पाहायला जाल ते सकाळी 11 वाजता जाऊ नका, तेव्हा सगळीकडे सगळं छान असतं. संध्याकाळी साडेपाच ते सातमध्ये जा. दिवेलागणीला यांची घालमेल वाढते, त्याच वेळी शिफ्ट बदलते आणि स्वयंपाकघरातही गडबड असते. दालनात अर्धा तास नुसतं बसा. लघवीचा वास आला तर वाईटच, पण फिनेलचा भपकाराही फार चांगला नव्हे. नखं बघा, चष्मे डोळ्यांवर आहेत की कपाटात, ते बघा. कोणी हाक मारली तर किती वेळाने कोण वळतं, आणि वळल्यावर ‘ए आजी, बस खाली’ म्हणतं की जवळ येऊन, खाली वाकून बोलतं. मालिकेच्या आवाजाखाली सगळे एका रांगेत भिंतीला लागून बसलेत का?

आत्यांचं. त्यांना उत्तर देऊ नका, एक आठवडा आईकडे राहायला बोलवा, रात्रीच्या ड्यूटीसकट. मी हे खोचकपणे म्हणत नाही. दोनच शक्यता आहेत, त्यांना कळेल किंवा त्या मदतीला लागतील. तुमची पत्नी सहा महिने रात्री झोपलेली नाही, हे तुम्ही कंसात लिहिलंय. ते मला तुमच्या सगळ्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. जागून जागून थकलेली सून आणि चिडलेला मुलगा यांच्या हातूनही आईला इजा होते, आणि त्या घरांत रजिस्टरही नसतं. जायच्या आधी एक पान मात्र लिहून काढा: आईला काय हाक मारलेली आवडते, चहा किती गोड, कोणत्या कुशीवर झोपतात, कशाला घाबरतात, काय गुणगुणतात, रागावल्या की कशाने निवळतात. ते पान ऑफिसातल्या फाइलीत नको, पलंगापाशी भिंतीवर हवं.

आणि त्या चार ठिकाणांपैकी कुठलं, तर तुम्हीच लिहिलेल्या एका तक्रारीवर माझं बोट गेलं. पौड रस्त्याच्या बाजूच्या त्या जुन्या बंगल्यात तुम्हाला 20 मिनिटं बाहेर ताटकळत ठेवलं, कारण इन्चार्जबाई ‘कुणाला तरी भरवत होत्या, आणि मध्ये उठल्या नाहीत’. तुम्ही ते उणं धरलंय. मी तिथे पुन्हा जाईन, संध्याकाळी, न कळवता. फरशी जुनी आहे म्हणता, चालेल. बाथरूममध्ये धरायला दांडे आणि खाली न घसरणारी मॅट आहे का तेवढं बघा. पण तिथे 11 जणांमागे रात्री एकच बाई असते आणि ती ‘तिथेच झोपते’, असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्या आईसाठी ते चालणार नाही. इन्चार्जबाईंना तोंडावर सांगा, आई रात्री कडी काढते, कर्वे पुतळ्यापर्यंत गेली होती, जागं माणूस ठेवणार असाल तर त्याचे वेगळे पैसे बोलू. त्या काय म्हणतात ते इथे लिहा, मग पुढचं ठरवू.